शेष आणि संशय

कमानिया गेट, कोतवाली आणि सराफा हा जबलपूर शहराचा जुना गाभा. या सराफ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरची पेढी होती आणि माझ्या शालेय वयातल्या कित्येक दुपारी त्या पेढीच्या गादीवर गेल्या. भाऊजींच्या पुढ्यात एक काळाभोर, गुळगुळीत दगड असे. कोणी दागिना घेऊन आले की ते त्या कसोटीवर सोन्याची एक बारीक रेघ ओढीत, शेजारी माहितीच्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढीत, दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडीत आणि क्षणभर निरखून पाहत. बहुतेकांचे समाधान एवढ्यावर होई. एखादे गिऱ्हाईक मात्र अडून बसे. दागिन्यात तांबे नेमके किती आहे, डाखात काय मिसळले आहे, आतल्या पोकळीत लाख किती भरली आहे, हे सगळेच्या सगळे त्याला कळायला हवे असे. अशा वेळी भाऊजी शांतपणे विचारीत, “गलाना है कि पहनना है?” सोन्याचा कस निःसंशय कळावा असे वाटत असेल तर दागिना मुशीत घालावा लागतो, आणि मुशीत घातलेला दागिना पुन्हा अंगावर चढत नाही. गिऱ्हाईक बहुधा हसे, दागिना उचली आणि निघून जाई.

या प्रश्नाची आठवण मला पुष्कळ वर्षांनी, अगदी वेगळ्या ठिकाणी झाली. २०१६ साली ताईच्या उजव्या स्तनात गाठ असल्याचे आढळले. गाठ लहान होती, जेमतेम दीड सेंटिमीटरची. मॅमोग्राम झाला, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला गेला आणि कर्करोगाचे निदान झाले. काखेतल्या ग्रंथींत काही आढळले नव्हते. आम्ही तिला ज्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले होते, तेथील शल्यविशारदांनी सांगितले की गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढू, मग किरणोपचार देऊ. स्तन काढण्याची आवश्यकता दिसत नाही. ताईने मान हलवली. तिला ते पटले होते.

पटले नव्हते ते मला. मी चार पुस्तके वाचलेली, विद्यापीठात शिकवलेली, घरातली ‘समजणारी’ व्यक्ती. मी विचारले, “आणखी कुठे काही नाही ना, याची खात्री कशी?” शल्यविशारद म्हणाले, “एमआरआय करता येईल. पण या गाठीसाठी तो केलाच पाहिजे असं नाही.” या वाक्याचा दुसरा भाग मी ऐकला आणि सोडून दिला. ताईला म्हटले, “करून घेऊ. खात्री झालेली बरी.” ती म्हणाली, “तू म्हणतेस तर करू.”

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या अणूंकडून मिळणाऱ्या संकेतांची ती प्रतिमा असते. या तपासणीसाठी स्त्रीला पालथे निजावे लागते. शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचे औषध सोडतात आणि अर्धा-पाऊण तास यंत्राचा घणघणाट सहन करीत निश्चल राहावे लागते. जेथे रक्तपुरवठा अधिक तेथे हे औषध लवकर पोचते आणि तो भाग प्रतिमेत उजळतो. कर्करोगाच्या गाठी स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करतात, म्हणून त्या उजळतात. मात्र उजळते ते सगळे कर्करोगच असते असे नाही. ताईच्या प्रतिमेत मूळ गाठ उजळली, आणि तिच्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर आणखी एक ठिपका उजळला. अहवालात लिहिले होते: संशयास्पद, तुकडा काढून तपासणे इष्ट.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरू शकत नाही. पुन्हा सोनोग्राफी झाली, तीत तो ठिपका दिसला नाही. एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली सुई घालण्याची सोय तेथे नव्हती. त्यासाठी दुसऱ्या शहरी जायचे, तारीख मिळवायची, पुन्हा त्या नळीत पालथे निजायचे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जात होती आणि गाठ मात्र शरीरात होती. एका संध्याकाळी ताई म्हणाली, “काढून टाका सगळंच. पुन्हा पुन्हा बघणं नको आता.” स्तन काढला गेला. दहा दिवसांनी अहवाल आला: दुसरा ठिपका म्हणजे तंतुमय ऊतकांची निरुपद्रवी गाठ होती. सर्वांनी आमचे अभिनंदन केले. आम्हीही एकमेकींचे केले. त्या अभिनंदनात काहीतरी चुकत होते. त्याला नाव देण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की येथे कोणाकडूनही हलगर्जीपणा झालेला नाही. यंत्राने जे दिसले ते दाखवले. अहवाल लिहिणाऱ्याने जे लिहायला हवे तेच लिहिले. शल्यविशारदांनी एकही गोष्ट लपवली नाही. निर्णय ताईचा होता. प्रत्येक पायरी निर्दोष असूनही शेवटच्या पायरीवर एक अनावश्यक हानी उभी असते, तेव्हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेतून नीतीच्या कक्षेत येतो. तो प्रश्न मी असा मांडीन: जाणण्याचे साधन हाताशी आहे एवढ्यानेच जाणणे हे कर्तव्य ठरते काय?

या प्रश्नामागे एक फार जुनी आकांक्षा आहे. तिला मी निःशेषतेची आकांक्षा म्हणते. ऋणाचा, अग्नीचा आणि व्याधीचा शेष ठेवू नये, असे आपले जुने नीतिवचन सांगते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाचा विचार करताना हीच भूमिका दिसते: ज्या अर्बुदाचा दोष थोडाही शिल्लक राहतो ते पुन्हा वाढते, आणि उरलेली ठिणगी जशी घात करते तसे ते घात करते, म्हणून ते समूळ काढावे. इतक्या प्राचीन काळी रोगाच्या पुनरुद्भवाचे इतके नेमके निरीक्षण पाहून मन थक्क होते. पण निरीक्षण आणि त्यातून काढलेला उपदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेष उरला तर रोग उलटू शकतो, हे निरीक्षण. म्हणून जितके अधिक कापावे तितके जीवन अधिक सुरक्षित, हा उपदेश. पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते.

हे ध्यानात यायला वैद्यकालाही फार काळ लागला. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा प्रसिद्ध अहवाल मांडला. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही एकसंध काढल्या जात. कर्करोग केंद्रातून टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो, म्हणून त्याच्यापुढे जाऊन कापावे, हा त्यामागचा तर्क. पुढील पाऊण शतक या तर्काने राज्य केले. असंख्य स्त्रिया खोलगट छाती आणि सुजलेला हात घेऊन जगल्या. आणि त्यांना सांगितले गेले, त्यांनीही स्वतःला सांगितले, की ही जगण्याची किंमत आहे.

ही किंमत खरोखर द्यावी लागते काय, हे विचारण्याचे धैर्य दोघांनी दाखवले. इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात स्तनाचा फक्त एक भाग आणि काखेतील ग्रंथी काढून किरणोपचार दिले गेले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून अशीच तुलना चालवली. दोघांचेही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नव्हता. शेष उरत नव्हता असे मात्र नाही. वेरोनेसी यांच्या अभ्यासात स्तन राखलेल्यांपैकी ३० जणींना त्याच स्तनात रोग उलटला, तर दुसऱ्या गटात तो त्या जागी ८ जणींना उलटला. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून किरणोपचार न दिलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. किरणोपचार दिलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. म्हणजे शेष असतो, त्यातला बराचसा किरणोपचाराने शमतो, थोडा उलटतो, उलटला तर त्यावर पुन्हा उपचार करता येतो. आणि या सर्वांची गोळाबेरीज करूनही आयुष्य तितकेच राहते.

हा शेष किती असतो, हेही पूर्वीच मोजले गेले होते. नेदरलँड्समधील रोलंड हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली काढून टाकलेल्या स्तनांचे पातळ काप करून बारकाईने तपासणी केली. आक्रमक कर्करोगाच्या २८२ उदाहरणांपैकी केवळ ३७ टक्क्यांत मूळ गाठीखेरीज काही नव्हते. २० टक्क्यांत गाठीपासून दोन सेंटिमीटरच्या आत रोगाचे आणखी कण होते आणि ४३ टक्क्यांत ते दोन सेंटिमीटरच्याही पलीकडे होते. या आकड्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ज्या स्त्रियांचे स्तन राखले गेले आणि ज्या वीस-वीस वर्षे जगल्या, त्यांतील अनेकींच्या स्तनात असे कण राहिलेच असणार. कोणी ते पाहिले नव्हते. किरणांनी ते शमवले होते.

एमआरआयने नेमके याच ठिकाणी प्रवेश केला. जे पूर्वी शवविच्छेदकाच्या सुरीला दिसे ते आता शस्त्रक्रियेआधी पडद्यावर दिसू लागले. आणि दिसले की ते सोडवेना. २००८ साली नेहमत हुसामी आणि सहकाऱ्यांनी १९ अभ्यासांतील २६१० स्त्रियांची माहिती एकत्र केली. त्यांपैकी १६ टक्के स्त्रियांत एमआरआयने आणखी रोग दाखवला. मात्र यंत्राने संशयित ठरवलेल्या जागांपैकी सुमारे एकतृतीयांश जागी तपासणीअंती कर्करोग नव्हता. पुढे प्रश्न असा आला की या अधिक दिसण्याने स्त्रियांचे भले झाले काय. ब्रिटनमधील ४५ केंद्रांत १६२३ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. एमआरआय केल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी जणींवर येईल, ही अपेक्षा होती. दोन्ही गटांत हे प्रमाण १९ टक्केच निघाले. २०१४ साली चार अभ्यासांतील ३१६९ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली तेव्हा आठ वर्षांनंतर त्याच जागी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण एमआरआय केलेल्यांत ९७ टक्के आणि न केलेल्यांत ९५ टक्के होते. वय, गाठीचे स्वरूप इत्यादी विचारात घेता हा फरक अर्थपूर्ण ठरला नाही.

याच सुमारास शल्यविशारदांनी स्वतःचा एक जुना हट्टही सोडला, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. काढलेल्या गाठीच्या पृष्ठभागावर शाई लावतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पूर्वी शाई आणि कर्कपेशी यांच्यात अमुक इतके मिलिमीटर निरोगी ऊतक असलेच पाहिजे, असा आग्रह असे; नसेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. २०१४ साली अमेरिकेतील शल्यविशारदांच्या आणि किरणोपचारतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन ठरवले की गाठ काढून संपूर्ण स्तनाला किरणोपचार द्यायचे असतील, तर आक्रमक कर्करोगात शाईला कर्कपेशी टेकलेली नसली म्हणजे पुरे. अधिक रुंद समास सोडल्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी होत नाही. आयुष्यभर मुद्रितांच्या समासात शाईने खुणा करीत आलेल्या माझ्यासारखीला हा निर्णय वाचताना विशेष वाटले. पुरेसे म्हणजे काय, हे एका शास्त्राने ठरवले होते, आणि ते ठरवताना कमी करण्याचे साहस केले होते.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा की ही अज्ञानाची भलामण आहे; डोळे मिटून घेतल्याने संकट टळत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच एमआरआय सरसकट निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. काखेतल्या ग्रंथीत कर्करोग सापडावा आणि स्तनात मूळ गाठ मॅमोग्राममध्येही दिसू नये, अशा वेळी ही तपासणी मोलाची ठरते. ज्या कर्करोगात पेशी एकामागून एक रांगेने पसरतात आणि स्पष्ट गाठ बांधीत नाहीत, त्याचा विस्तार समजण्यासही ती साहाय्य करते. जनुकीय वारशामुळे ज्यांना धोका फार मोठा आहे अशा स्त्रियांच्या नियमित तपासणीत तिचे स्थान निश्चित आहे. इतकेच नव्हे, तर स्वीडनमध्ये ५६ वर्षांखालील ४४० स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत एमआरआय केलेल्यांपैकी ५ टक्क्यांना, तर न केलेल्यांपैकी १५ टक्क्यांना स्तनाची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. पुरावा सगळा एकाच बाजूला नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आकडे अनेकांचे असतात, शरीर एकीचे असते. ताईचा तो ठिपका कर्करोग निघाला असता, तर मी हा लेख लिहिला असता काय? लिहिला नसता, हे मला कबूल केले पाहिजे. मी सगळीकडे सांगत फिरले असते की माझ्या आग्रहाने ताई वाचली. आणि ते विधानही बहुधा खोटेच ठरले असते. कारण तो ठिपका न पाहताही किरणोपचार त्याच्यावर पडणारच होते. पण ते खोटे आहे हे मला कधी कळले नसते. अधिक पाहण्याच्या बाजूला हा एक मोठा लाभ असतो. काही सापडले तर पाहणे योग्य ठरते, आणि न सापडले तर खात्री झाली म्हणून पुन्हा योग्यच ठरते. जी कृती कोणत्याही निष्पत्तीने चूक ठरू शकत नाही, तिच्याविषयी विचारी माणसाने सावध राहावे.

न्यायशास्त्रात संशयाचे जे प्रसिद्ध उदाहरण आहे ते सर्वांना परिचित आहे. संधिप्रकाशात दुरून एक उभी आकृती दिसते. तो खांब आहे की माणूस? उंची आणि उभेपणा दोघांतही समान, भेद करणारी खूण दिसत नाही, म्हणून मन दोहोंत हेलकावते. एमआरआयच्या पडद्यावर उजळलेला ठिपका हे या उदाहरणाचे आधुनिक रूप आहे. रक्तपुरवठा दोन्हींत समान, भेदक खूण नाही. पण गौतमाने आपल्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत, आणि त्यांच्या क्रमात संशयाच्या लगेच पुढे प्रयोजन येते. या क्रमाचा माझ्यापुरता मी असा अर्थ लावते की संशय उत्पन्न झाला एवढ्याने शोध सुरू होत नाही. या संशयाच्या निरसनाने मला काय साधायचे आहे, हे त्याच्या पुढच्याच पायरीवर विचारावे लागते. खांब की माणूस, हे त्या वाटेने जायचे असेल त्याने ठरवले पाहिजे. ज्याची वाट वेगळी आहे त्याने त्यासाठी रानात शिरण्याचे कारण नाही.

यावरून मला एक साधा नियम सुचतो. तपासणीनंतर ‘काय दिसले’ हे विचारण्यापूर्वी, तपासणीआधी ‘जे दिसेल त्याने काय बदलेल’ हे विचारावे. काही दिसले तर आपण काय करणार. ते केल्याने आयुष्य वाढणार की फक्त शस्त्र वाढणार. संशय उत्पन्न झाला तर तो फेडण्याचे साधन आपल्या जवळ आहे की नाही. आमच्या बाबतीत यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी होते. संशय निर्माण करणारे यंत्र त्या इमारतीत होते, तो फेडणारी सुई तेथे नव्हती. हे मला आधी विचारता आले असते. मी विचारले नाही, कारण ‘खात्री’ या शब्दाने मला बांधून टाकले होते. या शब्दाचा मोह शिकलेल्यांना अधिक असतो. न शिकलेल्या माणसाला ठाऊक असते की आपल्याला सगळे कळणार नाही. आम्हाला वाटते की कळायलाच हवे, आणि न कळणे हा आपला अपमान आहे.

आणखी एक गोष्ट येथे गुंतलेली आहे, ती मायेची. ताईने एमआरआय मागितला नव्हता. मी मागितला, तिच्यावरील प्रेमापोटी. पण आज मागे वळून पाहताना दिसते की त्या मागणीत माझी स्वतःची भीतीही होती. पुढे काही झाले तर ‘आपण सगळे केले’ असे मला म्हणता यायला हवे होते. माझ्या भीतीचे निरसन तिच्या शरीरावर झाले. आपल्या घरांत आजारी माणसाची संमती अशीच घेतली जाते. ‘तू म्हणतेस तर करू’ हे वाक्य संमतीचे असते, पण त्यात इच्छा कोणाची आहे हे कोणी तपासत नाही. निर्णय ताईचा होता असे मी वर लिहिले. ते कागदावर खरे आहे. ठिपका दिसल्यानंतर तिच्यापुढे उरलेल्या वाटा मात्र मी आधीच अरुंद करून ठेवल्या होत्या.

या सगळ्या विचाराला एक सामाजिक बाजूही आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून हा लेख संपवला तर तो खात्यापित्या घराचे गाऱ्हाणे ठरेल. आमच्या भागात कर्करोगाचे नाव निघाले की लोक अजूनही ‘टाटाला नेले’ असे म्हणतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले आणि तेव्हापासून इटारसी-भुसावळमार्गे मुंबईला जाणाऱ्या गाड्यांतून आमच्याकडची माणसे तेथे जात राहिली. त्यांतील कित्येक स्त्रियांची गाठ दीड सेंटिमीटरची नसते. ती हाताला सहज लागेल एवढी मोठी होऊन, त्वचा फुटू लागल्यावर त्या निघतात. त्यांच्या बाबतीत अधिक पाहणे हा प्रश्नच नसतो. कोणी वेळेवर पाहिलेच नव्हते, हा प्रश्न असतो.

याच टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत एक दीर्घ प्रयोग आरंभला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. यंत्रे नव्हती. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. दुसऱ्या गटातील स्त्रियांना फक्त रोगाची माहिती दिली जाई. एकूण १,५१,५३८ स्त्रिया या अभ्यासात होत्या आणि वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. मृत्यूंत दिसलेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशी ठरली नाही. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ती जवळजवळ ३० टक्के होती. संशोधकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. एका बाईच्या बोटांनी दुसऱ्या बाईला केलेला तो स्पर्श यंत्रापुढे अगदीच स्थूल होता. पण त्याचे प्रयोजन स्पष्ट होते, आणि जे सापडेल त्याचे पुढे काय करायचे हे आधी ठरलेले होते.

निःशेषतेची आकांक्षा जुनी आहे असे मी म्हटले. तिचा प्रतिवादही आपल्या परंपरेत तितकाच जुना आहे. अथर्ववेदात उच्छिष्टाचे, म्हणजे यज्ञानंतर जे उरते त्याचे, एक संपूर्ण सूक्त आहे. उरलेल्यावरच जग आधारलेले आहे अशी त्यातील कल्पना. प्रलयानंतर जो उरतो तो शेष, आणि त्याच्यावर विष्णू निजतो. या कल्पनांनी कर्करोगाचे उपचार ठरवावेत असे कोणी म्हणणार नाही. पण उरलेल्याची भीतीच बाळगली पाहिजे असे नाही, एवढे भान त्यांच्यातून मिळते. वेरोनेसी आणि फिशर यांच्या वीस वर्षांच्या आकड्यांनी हेच आपल्या भाषेत सांगितले आहे.

भाऊजी आता नाहीत. पेढी पुतण्याकडे आहे. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला आणि आज सोन्यावर क्ष-किरण टाकून क्षणार्धात कस सांगणारी यंत्रे सराफ्यात आली आहेत. पुतण्याने ते यंत्र मला कौतुकाने दाखवले. ओरखडासुद्धा पडत नाही म्हणाला. मग हळूच म्हणाला की ते फक्त वरच्या थराचे सांगते, आतले नाही. कसोटीचा दगड त्याने टाकलेला नाही, गल्ल्याशेजारी ठेवला आहे.

गेल्या दिवाळीत ताईकडे गेले होते. ती पंचाहत्तरीला आली आहे आणि प्रकृती ठणठणीत आहे. इतक्या वर्षांत जे विचारले नव्हते ते मी विचारले, “तुला राग आला होता का माझा?” ती करंज्यांना मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “राग कसला? तू घाबरली होतीस. मीही घाबरले होते. पण हे असते ना, त्यांनी तुला विचारलं असतं.” काय विचारले असते, हे तिने सांगितले नाही आणि मीही पुसले नाही. सराफ्यातल्या त्या गादीवर तो प्रश्न आम्ही दोघींनी कितीदा तरी ऐकला होता.